आतल्या बाजूची रुई

खिडकीच्या जाळ्या धुणं हाही धंदा असू शकतो, असं प्रेमलता निनावे सांगायची तेव्हा लोक आधी हसायचे. मग आपल्याच घरच्या जाळीवरून बोट फिरवायचे आणि गप्प व्हायचे.

तिचा नवरा भूपेश जाळ्या बसवायचा. नागपुरात एका साली डेंग्यूनं कहर केला आणि त्यानंतर तांडापेठेपासून धरमपेठेपर्यंत घरोघरी जाळ्या लागल्या. तीनचार वर्षांत त्या धुळीनं अशा बुजल्या की नव्या लावायला लोक भूपेशला बोलावू लागले. काढून आणलेल्या जाळ्यांचा ढीग अंगणात पाहून प्रेमलता एक दिवस म्हणाली, "ह्या खराब कुठी झाल्या? नुसत्या मळल्या. लोकायले धुता येत नाई, एवढंच." तेवढ्यावरून तिचं काम सुरू झालं.

तिची रीत ठरलेली होती. कोरड्या जाळीला आधी पाण्याचा थेंबही लावायचा नाही. लावला की धुळीचा चिखल होतो आणि छिद्राछिद्रात जाऊन बसतो. आधी रंगाऱ्याचा रुंद मऊ ब्रश, वरून खाली. मग छोटं व्हॅक्यूम. मग कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब आणि दोन स्पंज, एक अलीकडून, एक पलीकडून, म्हणजे जाळीला पोक येत नाही. स्वयंपाकघरातल्या तेलकट जाळीला खाण्याचा सोडा. चौकटीच्या खाचेतल्या मातीला जुना टूथब्रश. तारेचा घासणा मात्र कधीच नाही. "स्वतःचं तोंड तारेनं घासता का तुम्ही?" असं ती गिऱ्हाइकांना विचारायची.

ती विणकराच्या घरची. धाग्याधाग्यातून बोट कसं फिरवायचं हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. वडील रामाजी आधी हातमागावर बसत. तो बंद पडल्यावर दुसऱ्याच्या यंत्रमागावर उभे राहू लागले. शेवटची चार वर्षं त्यांची खोकण्यातच गेली. त्यांच्या खोकल्यानं झोपमोड होते म्हणून अठरा वर्षांची प्रेमलता मधलं दार लावून घ्यायची. ही गोष्ट तिनं भूपेशलाही कधी सांगितली नव्हती.

एप्रिल लागला. कूलर बसवायच्या आधी खिडक्या साफ करून घ्यायची सगळ्या शहराला एकदमच घाई होते, त्या दिवसांत कामठीहून एक फोन आला.

"तुम्ही जाळ्या धुता ना? इकडे याल का? एकच जाळी आहे."

"एका जाळीसाठी कामठी लांब पडते ताई. मी फोनवर सांगते ना, कशी धुवाची ते. घरीच होऊन जाईन."

पलीकडची बाई म्हणाली, "मी धुतली. माझ्या नवऱ्यानं धुतली. दोन माणसं बोलावून धुऊन घेतली. तुम्ही एकदा येऊन पाहून तरी जा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलतानं मोपेडच्या पायाशी बादली ठेवली, पाठीला ब्रशांची पिशवी अडकवली आणि ती कामठी रोडला लागली.

फोन करणारी रितिका, तिशीतली. धरमपेठेत वाढलेली, लग्न होऊन कामठीत आलेली. नवरा अंकित बुटीबोरीला नोकरीला, सकाळी जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. घरात सासू जिजाबाई आणि सासरे बाबाराव. घराचा पुढचा भाग नवा, चकचकीत फरशीचा. मागे मात्र लांबच लांब जुनी इमारत होती आणि तिच्या भिंती घालून तीन खोल्या केलेल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत बाबारावांचा पलंग होता. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"ही," रितिका म्हणाली आणि तिनं खिडकीकडे बोट केलं.

प्रेमलतानं हजारांनी जाळ्या पाहिल्या होत्या, पण अशी पाहिली नव्हती. लोखंडी चौकटीत बारीक तारेची जाळी होती आणि तिच्यावर पांढरट लव जमली होती. धूळ नव्हती ती. माणसाच्या तोंडाच्या उंचीवर लव जाड होती, बोटभर. तिथून चहूकडे पातळ होत गेली होती.

"किती दिवसांची आहे?"

"परवा धुतली होती."

"परवा?" प्रेमलता हसली. "काहीतरीच सांगून राहिल्या ताई तुम्ही. हे वर्षभराचं काम आहे."

"परवाच," रितिका म्हणाली. 

चौकटीच्या चार कोपऱ्यांना फिरत्या खिट्ट्या होत्या. प्रेमलतानं त्या फिरवल्या, चौकट उतरवली, अंगणात चटईवर आडवी ठेवली. लव ब्रशनं नीट निघत नव्हती, गुंडाळून निघत होती, जशी गादीतून निघते. व्हॅक्यूम दोनदा रिकामं करावं लागलं. मग शाम्पूचं पाणी, मग स्पंज. तारेची जाळी म्हणून गंज धरू नये यासाठी तिनं ती लगेच सुती फडक्यानं टिपली आणि उन्हात उभी केली. पाऊण तासात जाळीतून समोरची भिंत अशी स्पष्ट दिसू लागली की मध्ये काही आहे असं वाटेना. तिनं ती परत बसवली.

"झालं पाहा. आता आलीच आहो तर बाकीच्या खिडक्याही करून देते."

बाकीच्या खिडक्यांवर कामठीची साधी धूळ होती. ती सगळी काढून प्रेमलता बाराच्या सुमारास हात धुवायला मागे आली आणि सहज त्या खोलीत डोकावली. जाळीवर तोंडाच्या उंचीवर पांढरा डाग पडला होता, पुरीएवढा.

ती जवळ गेली. डागावर बोट लावलं. रुई आतल्या बाजूला होती.

ही गोष्ट तिच्या मनाला काही केल्या पटेना. जाळीवर धूळ बसते ती बाहेरून, वारा आणतो म्हणून. आतून काय येणार? तिनं गाद्या दाबून पाहिल्या, उशा उलट्या केल्या. पलंगावर फोमची गादी होती, रजई नव्हतीच. पंख्याची पाती पुसलेली. आजूबाजूला सावरीचं झाड आहे का ते बाहेर जाऊन पाहिलं, कारण या दिवसांत सावरीची बोंडं फुटली की कापूस गल्लीभर उडतो. झाड नव्हतं. शेजारी कोणाचा लूम चालू आहे का, विचारलं. गल्लीतले लूम केव्हाच बंद झाले होते.

मग तिनं रुईची चिमूट अंगठा आणि बोटामध्ये चोळली आणि नाकाशी नेली. सुताला लावतात त्या कांजीचा आंबूस वास आला. त्यामागून मशीनच्या तेलाचा. रामाजी कामावरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या बनियनला हाच वास असायचा.

"ताई, ह्या खोल्या आधी काय होत्या?"

"लूमचा कारखाना. सहा वर्षं झाली लूम विकून. ही खोली बंदच होती, अडगळीची. संक्रांतीनंतर बाबांना श्वासाचा त्रास वाढला, पुढे रस्त्याचा धूर येतो म्हणून त्यांना इथे आणलं. तेव्हापासून हे सुरू झालं."

"मले थोडा वेळ इथं बसू द्या," प्रेमलता म्हणाली. "पंखा बंद करा. दारही लोटून घ्या."

ती खिडकीसमोर स्टुलावर बसली. बाहेर एप्रिलचं ऊन, पानही हलत नव्हतं. बाबाराव पाठमोरे पडले होते आणि त्यांचा श्वास लहान लहान, भरभर चालला होता. प्रेमलता जाळीवरच्या डागाकडे पाहत राहिली.

आधी काहीच झालं नाही. मग तिला दिसलं की डागावरचे तंतू हलतायत. सगळे एकदम आत वळले, खोलीकडे, थांबले, मग सगळे एकदम बाहेरच्या बाजूला झुकले आणि जाळीच्या छिद्रांत रुतले. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. बाबारावांच्या श्वासाशी त्याचा मेळ नव्हता. हा लांब होता, ओढून घेतलेला, मध्ये अडकणारा. एकेका वेळेला डागाची कड केसभर पुढं सरकत होती.

ती उठली आणि तिनं तळहात डागासमोर धरला. हाताला उष्ण, ओलसर वाफ लागली. मग तो श्वास थांबला. समोर कोणीतरी आल्यावर माणूस थांबतो, तसा. प्रेमलता हात मागे घेईपर्यंत तो थांबूनच राहिला आणि तिनं हात काढताच त्यानं इतक्या जोरानं हवा ओढली की बुंध्यासकट सगळे तंतू ताठ उभे राहिले.

"बंद कर ती खिडकी," पलंगावरून आवाज आला. बाबाराव वळले नव्हते. "गरम हवेनं धागा तुटते."

प्रेमलता बाहेर आली तेव्हा जिजाबाई ओसरीवर उभ्या होत्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या. तिचा चेहरा पाहून त्यांनी तिला पाण्याचा गडू दिला आणि काही न विचारताच म्हणाल्या, "तुलेही दिसलं ना वं?"

"कोण आहे ते, काकू?"

रितिका दारात आली होती. जिजाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. सुनेला हे कधी सांगितलं नव्हतं हे त्यांच्या पाहण्यावरूनच कळत होतं.

"नानाजी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं लूमवर होता. पारशिवनीचा. बावीस वर्षं होता. चार लूम एकटा पाहे. शेवटी शेवटी त्याचा श्वास भरे. उन्हाळ्यात खिडक्या बंदच ठेवा लागत. कोरडी हवा लागली की धागा तुटते, कापड खराब होते. नानाजी यायले म्हणे, मालक, एक खिडकी तरी उघडी ठेवा, मी तिथं दोन मिनिटं उभा राहत जाईन. हे म्हणत, चिमण्या येईन, घाण करीन. तर त्यानं स्वतः कुठून तरी तारेची जाळी आणली, चौकट ठोकली आणि बसवली. मंग हे काय बोलणार? खिडकीच्या फळ्या बाहेरून, जाळी आतून. तासाभरात एकदा तो तिथं जाऊन तोंड लावून उभा राहे. अस्सा." त्यांनी तोंड उघडून मान वर केली, आणि लगेच खाली घातली.

"मंग?"

"चौदा वर्षं झाली. लग्नसराईचा माल होता. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नव्हता. यायनं त्या दिवशी फळ्याही बाहेरून कडी लावून बंद केल्या आणि सांगतलं, लूम सोडून हलू नको. दाराले कुलूप नव्हतं वं बाई. तो बाहेर जाऊ शकत होता. पण गेला नाई. हे गावात गेले. मी इकडं स्वयंपाकात. लूमचा आवाज येत होता. चारही लूम चालू होते. आवाज चालू आहे म्हणजे माणूस आहे, असंच वाटते ना? तीनचार तासांनी मी चहा घेऊन गेली. लूम चालूच होते. धोटे रिकामे झाले होते आणि नुसतेच इकडून तिकडं जाऊन राहिले होते. आणि हा जाळीखाली बसून होता. मान वर करून."

रितिका दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आणि आम्ही काय सांगतलं त्याच्या बायकोले," जिजाबाई म्हणाल्या, "तर नानाजी रस्त्यानं चालता चालता पडला म्हणून. पोलीस, चौकशी, नको म्हणत हे. तेव्हा मीही हो म्हटलं."

रितिकाला ती जाळी तेव्हाच्या तेव्हा घराबाहेर हवी होती. भंगारवाल्याला देऊन टाकू, ती म्हणाली. प्रेमलतानं चौकट उतरवली, पण द्यायला तिचं मन होईना. "आज अंगणात भिंतीले टेकवून ठेवा," ती म्हणाली. "खिडकी तशीच उघडी राहू द्या. उद्या मी येते. मंग ठरवू."

घरी पोहोचल्यावर तिनं भूपेशला सगळं सांगितलं. भूपेश ऐकत राहिला आणि म्हणाला, "तू आता तिकडं जाऊ नको." ब्रशात अडकलेली रुई ती कंगव्यानं काढत बसली होती, आणि तिच्या कानांत रामाजींचा खोकला होता. बंद दाराआडून येतो तसा.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खिडकी रिकामी होती आणि खोलीत काहीही नव्हतं. रुई नाही, वाफ नाही. अंगणात भिंतीला टेकवलेल्या चौकटीवर मात्र आत्ता धुतल्या कपड्यावर पडावा तसा पांढरा डाग होता. उघड्या आभाळाखाली, चहूकडून हवा असताना, तो श्वास तसाच अडकत अडकत चालला होता.

"खोलीत नाई तो," प्रेमलता हळूच म्हणाली. "जाळीशीच आहे. मोकळ्या हवेत ठेवला तरी त्याले समजत नाई का हवा आहे म्हणून."

मागे पाय घासल्याचा आवाज आला. बाबाराव ओसरीपर्यंत चालत आले होते. दोन महिन्यांत ते मोरीच्या पुढे गेले नव्हते. खांबाला धरून ते चौकटीकडे पाहत राहिले. उंच माणूस असावा कधीकाळी. आता खांदे वर ओढलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

"त्याले समजते," ते म्हणाले. "मी सांगतलं होतं, हलू नको. तो हलत नाई. नानाजी असाच होता."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. जिजाबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी सुनेकडे पाहिलं. "गाडी काढ."

"बाबा, डॉक्टरांकडे?"

"पारशिवनीले."

रितिकानं गाडी काढली. बाबाराव पुढे बसले, मागे जिजाबाई आणि प्रेमलता. प्रेमलताचं तिथं काही काम नव्हतं, पण जिजाबाईंनी तिचा हात जो धरला होता तो सोडलाच नाही. कन्हानचा पूल गेला, आमडी फाट्याला गाडी वळली.

नानाजीची बायको तुळजाबाई बाजाराच्या मागच्या गल्लीत राहत होती. एक खोली, पुढं सारवलेलं अंगण, अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली. त्या गोड, जड वासात ती उकिडवी बसून फुलं पांगवत होती. साठीची असेल. गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडे तिनं कपाळाला हात लावून पाहिलं.

"कोण होय?"

"कामठीचा बाबाराव."

तुळजाबाईचा हात थांबला नाही. मूठभर फुलं तिनं आणखी पांगवली. मग उठून आतून सतरंजी आणली. "बसा. पाणी आणते."

"पाणी मंग," बाबाराव म्हणाले. ते सतरंजीवर बसले नाहीत. रितिकाच्या खांद्याला धरून उभेच राहिले. "तुळजाबाई, नानाजी रस्त्यावर नाई पडला. कारखान्यात पडला. त्याची खिडकी मी बंद करून गेलतो. बाहेरून कडी लावली होती."

एवढं सांगायला त्यांना चार वेळा श्वास घ्यावा लागला.

"मले माहीत आहे," तुळजाबाई म्हणाली.

"कोणी सांगतलं?"

"त्यानंच. आंघोळ घालाच्या आधी मी त्याचं तोंड पुसलं. ओठावर, नाकाच्या शेंड्यावर बारीक बारीक चौकोन उमटले होते. मी फडकं ओलं करून पुसले, ते जाईनात. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या तोंडावर जाळी कुठून येते?"

जिजाबाई रडू लागल्या. "मंग तू बोलली काहून नाई वं?"

"कोणाले बोलू? पोरगी सात वर्षांची होती. तुमचीच माणसं तिरडी बांधून राहिली होती." तिच्या आवाजात राग नव्हता, तो इतक्या वर्षांत वाळून गेला असावा. ती बाबारावांकडे पाहत होती, त्यांच्या वर ओढलेल्या खांद्यांकडे, उघड्या तोंडाकडे. "तुमालेही तेच झालं," ती म्हणाली.

बाबारावांनी मान हलवली. मग त्यांनी हात जोडले. तुळजाबाईनं त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही, आणि बाबारावांनाही बहुधा तिनं बोलावं अशी आशा नव्हती.

प्रेमलताला राहवलं नाही. "काकू, एक सांगू? तो अजून तिथंच आहे. जाळीपाशी." आणि तिनं जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं, डाग, रुई, हाताला लागलेली वाफ. सांगताना तिला वाटत होतं की ही बाई आता ओरडेल, नाहीतर हसेल.

तुळजाबाई मोहाच्या फुलांकडे पाहत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "श्वास घेऊन राहिला?"

"हो."

"चौदा वर्षं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग तिथं काहून ठेवला? घरी पाठवा त्याले."

प्रेमलतानं ती चौकट आता धुतली नाही. दोन दिवसांनी सुती चादरीत गुंडाळून, भूपेशच्या ओळखीच्या टेम्पोत उभी करून, स्वतः तिला हात लावून ती पारशिवनीला घेऊन गेली. वाटेत चादर एका जागी सारखी वर उचलली जात होती आणि खाली बसत होती. टेम्पोवाल्यानं आरशात पाहून वारा लागतोय म्हणत काच वर केली. तरी ते थांबलं नाही, तेव्हा त्यानं आरशात पाहणं सोडलं.

तुळजाबाईनं चौकट अंगणातल्या भिंतीला, सावलीत टेकवली. समोर मांडी घालून बसली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. मग तिनं पुढं होऊन जाळीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि काहीतरी बोलली. प्रेमलताला ते ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून ती दोन पावलं मागेच सरली होती.

"धुवाची असेल तर आधी कोरडी झटका," निघताना तिनं सांगितलं. "पाणी मंग. मी ब्रश ठेवून जाते."

"माह्या हातानं करीन मी."

मे महिन्याच्या शेवटी बाबाराव गेले. शेवटचे दिवस ते त्याच खोलीत होते, खिडकीकडे तोंड करून. जाळीवाचून त्या खिडकीतून डास येत, म्हणून रितिकानं भूपेशकडून नवी जाळी बसवून घ्यायचं म्हटलं, तर त्यांनी बसवू दिली नाही. मच्छरदाणीत झोपले. गेले ते भर दुपारी, जिजाबाई पंखा घालत असताना. त्या म्हणाल्या की शेवटचा श्वास मोठा घेतला. रितिका म्हणाली, नाही, आई असं म्हणतात एवढंच.

प्रेमलता तेरवीला जाऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी पारशिवनीला गेली. कोणी बोलावलं नव्हतं. तुळजाबाईला सांगायला हवं असं तिला वाटत होतं.

अंगणातली मोहफुलं केव्हाच उचलली गेली होती. जाळी त्याच जागी होती आणि तिच्यावर विटकरी रंगाची बारीक धूळ सोडली तर काही नव्हतं. नाही म्हणायला मधोमध पांढरी झाक होती, फुंकरीनं उडेल एवढी. प्रेमलतानं मन लावून पाहिलं. तंतू आत वळले. बराच वेळ गेला. मग सावकाश बाहेर झुकले. आता श्वास अडकत नव्हता. झोपलेल्या माणसाचा चालतो तसा चालला होता.

"बाबाराव गेले, काकू."

"समजलं." तुळजाबाई आतून एक छोटा डबा घेऊन आली. त्यात वळलेल्या वाती होत्या, एकसारख्या, करड्या-पांढऱ्या. "त्याची रुई रोज काढत होती आणि वाती वळत होती. कांजीची असते ना, नीट जळत नाई. चरचर करते. पण जळते. आधी रोज पाचसहा वाती होत. आता आठ दिवसांत एक नाई होत."

"म्हणजे मोकळा होऊन राहिला तो," प्रेमलता म्हणाली. "आता एकदा नीट धुतली ना काकू, आतून बाहेरून, की बस्स. मी सगळं सामान आणलं आहे. अर्ध्या तासाचं काम."

तुळजाबाईनं डब्याचं झाकण लावलं. जाळीकडे पाहिलं आणि मग प्रेमलताच्या खांद्यावरच्या पिशवीकडे, जिच्यातून ब्रशाचे दांडे वर आले होते.

"मी आता हात लावत नाई तिले," ती म्हणाली. "धूळ बसली तर बसू दे. चौदा वर्षं मले वाटे, तो तिथं एकटाच गेला. आता कुठं घरी आला आहे. राहू दे ना वं जरासा."

प्रेमलतानं पिशवी खांद्यावरून काढून पाठीमागे, उंबऱ्याच्या आड ठेवली, आणि तुळजाबाईनं दिलेला कोरा चहा पीत दोघी संध्याकाळपर्यंत जाळीसमोर बसून राहिल्या. मध्येच कधीतरी ती आपल्या बापाबद्दल, मधल्या दाराबद्दल बोलू लागली. तुळजाबाई ऐकत होती. बोलता बोलता प्रेमलताच्या लक्षात आलं की आपण आवाज खाली आणलाय, कोणाची तरी झोप मोडू नये म्हणून आणतात तसा.